बाई झोपल्या नव्हत्या

अन्याय झाला तो वसुधाबाईंवर. गेल्या पौषातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान, अंबडहून अंकुशनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, स्वतःच्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवलेला असताना.

बाई, कुणावर, कधी आणि कुठे हे पहिल्याच ओळीत सांगून मोकळं व्हायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. कुणी केला ते दुसऱ्या ओळीत यायला पाहिजे, असंही तुम्ही म्हणायचात. ती दुसरी ओळ तीन आठवडे झाले मी लिहितेय आणि खोडतेय.

तुमच्या पुतण्याने, शिरीषने, तेराव्याच्या कार्डावर छापलं आहे: 'झोपेतच शांतपणे देवाघरी गेल्या.' अंबडभर ते वाक्य फिरतंय. भाजीवाल्या काकू मला म्हणाल्या, "काय मरण आलं गं बाईला, सोनं झालं सोनं. न कुणाला त्रास, न काई." मी त्यांच्या पाटीवर मेथीची जुडी आपटली आणि निघून आले. नंतर लाज वाटली. त्या काकूंचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलं ते त्या बोलल्या. पण मला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गाडीचा विषारी धूर. कागदावरही तेच आहे. शिरीष मात्र म्हणतो, "कशाला उगाच? लोकांना बरं वाटतं तसं ऐकून."

लोकांना बरं वाटू नये म्हणूनच मी लिहितेय.

तुमची गाडी. तिचं कंपनीचं नाव गावात कुणी घेतलं असेल असं मला आठवत नाही. पुढून नाक वर आलेलं, पाठ गोल, चालताना जरा हुंदडल्यासारखी. सगळे तिला डुक्करच म्हणायचे, तुम्हीसुद्धा. तुमच्या यजमानांनी, सरांनी घेतलेली. सर गेले तेव्हा सगळ्यांनी विकायचा सल्ला दिला आणि तुम्ही म्हणालात, "माणूस गेला म्हणून गाडी पण जाळायची का?" पन्नाशीत चालवायला शिकलात. मुलींच्या शाळेच्या मैदानात गोल गोल फिरवायचात आणि आम्ही आठवीच्या मुली खिडकीतून टाळ्या वाजवायचो. तुम्ही काच खाली करून ओरडायचात, "टाळ्या नका वाजवू, ब्रेक कुठाय ते सांगा!"

निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाई-सर मंडळींनी सत्संग धरला. तुम्ही डुक्कर काढलं आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर जायला लागलात. हंगाम सुरू झाला की रोज सकाळी पाचटाच्या झोपड्यांमध्ये तुमची शाळा. फळा मागच्या सीटवर, खडूचा डबा पायाशी, आणि सरांचा जुना मफलर डोक्याला. रस्ता कसला, उसाच्या बैलगाड्यांनी कोरलेल्या दोन चाकोऱ्या. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. तिथेच तुमचा सायलेन्सर दरवर्षी जायचा. कधी नळी तुटायची, कधी डबा फुटायचा. आणि फुटला की तुम्ही दोन मैलांवरून ऐकू यायचात. कोप्यांवरच्या बाया आवाज ऐकून पोरांची तोंडं धुवायला घ्यायच्या. तुमच्या घरासमोरच्या आजी चहाचं आधण ठेवायच्या.

मी तेव्हा पत्रकं काढायची. अजून काढते. आमच्या मंडळाचं एक जुनं चक्रमुद्रण यंत्र, शाईने काळे झालेले हात आणि प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. मी मजकूर तुमच्याकडे आणायची आणि तुम्ही लाल पेन्सिलीने चिन्हं खोडत बसायचात. "रेखे, एवढे खांब कशाला रोवून राह्यलीस? तारा ओढायच्यात का?" चिन्हं गेल्यावर मजकूर खरंच जास्त रागीट वाटायचा. ते तुमचं बरोबर होतं. पण दुसऱ्या एका गोष्टीवर आपलं कधीच पटलं नाही. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या प्रत्येक पत्रकात दोषी दुसराच असतो. कधी नगरपालिका, कधी पुढारी, कधी दुकानदार. एकदा तरी आपलं नाव लिहून बघ." मी म्हणायची, "बाई, ते पत्रक असतं, कबुलीजबाब नसतो." तुम्ही हसायचात. मला राग यायचा, कारण तुम्ही वाद अर्धवट सोडून चहा टाकायला उठायचात.

तो वाद तुम्ही कायमचा अर्धवट सोडलात.

आवाजाचं पत्रक माझंच. मुलींची सहामाही परीक्षा जवळ आलेली, शाळेसमोर फुटक्या सायलेन्सरच्या गाड्या, टपऱ्यांवरचे कर्णे. मी लिहिलं, 'मुलींचे कान म्हणजे कुणाच्या बापाचा रस्ता नव्हे.' ते वाक्य तुम्ही खोडलं नाहीत, खूश झालात. मी चौकात वाटत होते तर पानटपरीवाला पत्रक वाचून म्हणाला, "ताई, झकास लिव्हलंय. आता आधी तुमच्या बाईंच्या डुकराला वाचून दाखवा."

सगळी टपरी हसली. आणि नेमकं त्याच वेळी, बाई, तुम्ही वळणावरून आलात. धाड् धाड् धाड्. मला पत्रकं गटारात टाकून पळून जावंसं वाटलं. तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसत सुटलात आणि म्हणालात, "खरंय की. चल, उद्या जालन्याला जाऊ. डुकराला गप करू."

हनीफभाईंच्या गॅरेजमधला तो दिवस मी आता मिनिटामिनिटाने आठवते. ते सरांपासूनचे मिस्त्री. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बाई, अब जोड लावून चालायचं न्हाई. पूर्ण बदलावं लागल."

तीन रस्ते होते. पहिला, मूळच्यासारखा अख्खा नवा, इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत. तो इथे मिळत नव्हता, औरंगाबादच्या दुकानदारामार्फत मुंबईहून मागवावा लागणार. दोनेक महिने. दुसरा, भंगारातून तशाच गाडीचा काढलेला. हनीफभाईंनी एक आणून पान्याने ठोकून दाखवला. वरून काळा कुळकुळीत, पण आवाज मडक्यासारखा फुटका आला. "आतून सडेला आहे. चार महिने चालल." तिसरा, त्यांनी स्वतः पत्र्याचा घडवायचा.

तुम्ही तिसरा म्हणालात. हंगाम तोंडावर होता, कोप्यांवरची पोरं दोन महिने थांबणार नव्हती. इथपर्यंत ठीकच होतं. मग नळीचा प्रश्न आला.

हनीफभाई म्हणाले, "नळी मागपर्यंत नेतो. धूर बंपरच्या पाठीमागं निघाला पाहिजे, बराबर."

तुम्ही म्हणालात, "मागपर्यंत नेली की चाकोरीत अडकते. दोनदा तुटली. आखूडच ठेवा, मागच्या दारापाशी खाली तोंड करून सोडून द्या."

"बाई, धूर गाडीखाली कोंडल. तुमच्या पत्र्याला खाली भोकं हायेत."

आणि तुम्ही ते वाक्य म्हणालात. "अहो हनीफभाई, या गाडीला काचांपेक्षा भोकं जास्त आहेत. गुदमरायला गाडी बंद असावी लागते." आम्ही तिघंही हसलो. तुम्ही आठवीत आम्हाला वायू शिकवले होते, बाई. कोणत्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात कसा जाऊन बसतो, ते फळ्यावर लिहून दिलं होतंत. माझ्या वहीत अजून आहे. पण भोकातून हवा येते तसा धूरही येतो, हे त्या दिवशी ना बाईला सुचलं ना बाईच्या विद्यार्थिनीला.

हनीफभाई माझ्याकडे वळले. "ताई, तुमी तरी सांगा." त्यांनी मला विचारलं होतं. मी शिकलेली, पत्रकं काढणारी. मी मत दिलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत, कारण माझ्यामुळेच तर आपण तिथे गेलो होतो. मी म्हणाले, "नळीचं तुम्ही दोघं बघा. आवाज बिलकुल नको, एवढंच."

आवाज शोषायला डब्यात लोकर भरा, जास्त भरा, असंही मीच म्हणाले. हनीफभाईंनी काचेची लोकर ठासून भरली. इंजिन सुरू केलं तर आधी कळेचना सुरू आहे का बंद. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून पाहिलात आणि लहान मुलीसारख्या हरखलात. परतीच्या वाटेवर आपण पहिल्यांदा त्या गाडीत सरळ आवाजात बोललो. एरवी ओरडावं लागायचं. तुम्ही सरांबद्दल बोललात, त्यांना ताक किती आवडायचं वगैरे, साधंच. इतक्या वर्षांत ते कधी बोलला नव्हतात. त्या एका तासासाठी मी त्या सायलेन्सरची अजूनही आभारी आहे, आणि असं लिहिताना माझा मला राग येतो.

पुढच्या पत्रकात मी लिहिलं, 'वसुधाबाईंनी सुरुवात केली आहे. तुम्ही कधी करणार?' उद्गारचिन्ह दिलं नव्हतं. तुम्ही कात्रण काढून ठेवलंत.

मग थंडी आली. काचा वर गेल्या. तुम्ही म्हणू लागलात, "हल्ली कोप्यांवरून आले की डोकं ठणकतं गं. मळमळतं पण." मी म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." तुम्ही नंबर तपासून आलात, वाढला नव्हता. रविवारी दुखायचं नाही. तुम्हीच सांगितलंत, "रविवारी बघ, एकदम ठीक असतं. म्हणजे पोरांचीच डोकेदुखी." परत आपण हसलो. रविवारी गाडी जागेवर असायची, बाई. एवढा सरळ हिशेब. प्रयोगशाळेत तुम्ही आम्हाला एका गुणासाठी रडवायचात, आणि एवढं निरीक्षण समोर आलं तर आपण दोघींनी त्याचा विनोद केला.

मंगळवार. त्या दिवशी काय घडलं ते मी दगडूमामांकडून ऐकलं. ते बैलगाडीवान, अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घालतात, त्यांची नात तुमच्या शाळेत. पुढे एका ट्रॉलीचा धुरा मोडला आणि ऊस रस्त्यावर आडवा झाला. मागे रांग लागली. तुम्ही डुक्कर डाव्या बाजूला बांधाला लावून उभं केलंत. इंजिन बंद केलं नाहीत, कारण तुमच्या गाडीचा नियम सगळ्यांनाच माहीत होता: बंद केली तर मेली. बॅटरी धरत नव्हती. एकदा बंद केल्यावर ढकलायला चार माणसं लागायची आणि तुम्हाला लोकांना कामाला लावायचा संकोच. काचा वर. बाहेर धुकं. एका बाजूला बांध, एका बाजूला उसाची गाडी. नळीचं तोंड बरोबर तुमच्या सीटच्या मागे, खाली.

दगडूमामा म्हणाले, "ताई, म्या पाह्यलं बाईला. डोकं टेकवून बसल्या व्हत्या. म्या म्हणलं, रोज पहाटं उठत्यात, डोळा लागला आसल. एक पोरगं काच वाजवाया निघाल्तं, म्या त्याला हाकललं. म्हणलं, बाईची झोप मोडतूस व्हय रे?"

ते खाली बघत म्हणाले, "मंग ऊन वर आलं. बाईच्या तोंडावर पडत व्हतं. म्या माझी चादर काढून समोरच्या काचंवर टाकली."

बाई, हे वाक्य ऐकल्यावर काही दिवस मी तुमच्या घरी गेले नाही.

ते माझ्यासमोर रडले. "रस्ता मोकळा झाला तरी बाई हलल्या न्हाईत, तवा दार उघडलं. तवर गाडी चालू हाये हेच कळलं न्हाई वो ताई. काई आवाजच न्हाई. पयल्यासारखी धाडधाड आसती तर म्याच जाऊन बोललो असतो, बाई, बंद करा, बैलं बुजत्यात." त्यांना माहीत नव्हतं की ते कुणाला सांगतायत. मी त्यांना म्हणाले, मामा, तुमचा दोष नाही. खरोखर नाही. आपल्याकडे बाईंना झोपेतून उठवत नाहीत. साहेबाला, महाराजांना, पाहुण्याला उठवत नाहीत. दार हळू लावायचं, पोरांना गप करायचं, ऊन लागलं तर आडोसा करायचा. पावणेदोन तास, बाई, पन्नासेक माणसं तुमच्या गाडीजवळून पाय न वाजवता गेली. सगळ्यांनी तुमचा मान राखला. एकाने जरी अपमान केला असता, तरी आज तुम्ही हे लाल पेन्सिलीने तपासत असता.

नंतर मी हनीफभाईंना घेऊन तुमच्या अंगणात आले. ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. बाहेर आले ते बसूनच राहिले. "जोड बराबर हाये. डबा बराबर हाये. माझ्या कामात खोट न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्या ऐकायलाच नको व्हतं त्यांचं. मिस्त्री मी व्हतो ना." त्यांनी रबरी मॅट उचलून दाखवली. खालच्या पत्र्याला तळहाताएवढी भोकं, आणि मॅटला आतून काजळी.

आता दुसरी ओळ. मी आधी रस्त्याबद्दल लिहिली होती: ज्यांनी तो रस्ता वर्षानुवर्षं चाकोऱ्यांचा ठेवला त्यांनी तुम्हाला मारलं. ते खोटं नाही. रस्ता नीट असता तर लांब नळी तुटली नसती. त्यावर मी पत्रक काढणार आहेच, सोडणार नाही. पण ती ओळ खोडली, कारण तुमची लाल पेन्सिल मला दिसत होती. मग दुसरी ओळ अशी: अन्याय केला त्यात रेखा आहे. तिला आवाज ऐकू येत होता, म्हणून तिला वाटलं आवाज हाच रोग. तिला विचारलं गेलं तेव्हा तिने मान फिरवली. डोकेदुखी सांगितली गेली तेव्हा तिने चष्मा सुचवला. आणि वर तिने पत्रक छापून पाठ थोपटली.

हे घ्या. लिहिलं माझं नाव. वाद तुम्ही जिंकलात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आता फार पण नको लिहू, तेही एक प्रकारचं मिरवणंच." म्हणून इथे थांबते.

पण बाई, एक गोष्ट अजून घडायची आहे, म्हणून हा लेख आत्ताच छापायला देते आहे, वर्षश्राद्धाला नाही. शिरीषने डुकरावर पाटी लावली आहे: 'विकणे आहे. आवाज नाही. चालू स्थिती.' तीच नळी, तोच पत्रा, आणि वर नवी रबरी मॅट टाकली आहे, कारण जुनी काळी दिसत होती. मी म्हणाले, आधी नळी मागपर्यंत घे, हनीफभाई करून द्यायला तयार आहेत, पत्रा बदलून देतील. तो म्हणाला, "घेणारा बघून घेईल ना. तू कशाला मनाला लावून घेतेस, काकू झोपेत गेली." गेल्या रविवारी जाफराबादहून एक जोडपं गाडी पाहायला आलं होतं. बायकोच्या कडेवर लहान मूल होतं. नवऱ्याने इंजिन सुरू केलं आणि कान लावून म्हणाला, "वा, काय शांत गाडी हाये." मी फाटकातून आत गेले आणि त्याला मॅट उचलायला लावली. भोकं पाहून तो निघून गेला. शिरीषने मला अंगणात यायची बंदी केली आहे. पण तो पुढचा माणूस मॅट उचलेल का, आणि तेव्हा मी फाटकाशी असेन का, हे मला माहीत नाही.

तुम्ही सांगायचात, शेवटी वाचणाऱ्याला एकच काम दे. चार दिलीस तर तो एकही करणार नाही. मला दोन द्यायची होती. एक तुमच्या गाडीपुरतं आहे: अंबडमधून एखादी जुनी, गोल पाठीची, फार शांत गाडी कुणी घेत असेल, तर आधी खाली वाकून नळी कुठे संपते ते बघा. बंपरच्या मागे येत नसेल तर चावीला हात लावू नका. ते तुम्ही खोडलं नसतंत असं वाटतं.

आणि हे सगळ्यांसाठी. वाचणाऱ्या, तुला सांगते आहे. उभ्या गाडीत कुणी मान टाकून बसलेलं दिसलं, तर चादर टाकू नकोस. पोरांना गप करू नकोस. आत तुझी बाई असो, साहेब असो, सासरा असो, पुढे जा आणि काच वाजव. उठले आणि चिडले तर शिव्या खा. उठले नाहीत तर दगड घे आणि काच फोड.